शाळेची यादी आणि आपण
(बुद्ध पौर्णिमेनिमित्त विहारात झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)





आजच्या मेळाव्यासाठी कार्यकारिणीने आम्हांला 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय दिला होता. पत्रिकेवरही तोच छापला गेला आहे. परंतु खरे सांगावयाचे तर या विहारात बसलेल्या माणसांना शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. गिरणीत रात्रपाळ्या करून, नाक्यावर उभे राहून, चार घरची धुणीभांडी करून ज्यांनी मुले शिकविली, त्यांना आम्ही नवीन काय सांगणार? 'शिका' हा शब्द आपल्या घरात पाळण्यापासून ऐकू येतो. तेव्हा अध्यक्षांची परवानगी घेऊन आम्ही विषय जरा लहान करून घेतला आहे. आजचा विषय आहे शाळेची यादी. जून महिन्यात शाळा आपल्या हातात जो सामानाचा कागद ठेवते, तो कागद.

हसू नका. या कागदावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

आमच्या हातात अशी एक यादी आहे. इयत्ता तिसरी, माध्यम इंग्रजी, आपल्याच कल्याण पूर्व भागातील शाळा. शाळेचे नाव आम्ही घेणार नाही, कारण नाव घेतले की भांडण सुरू होते आणि विषय बाजूला राहतो. यादीची सुरुवात वह्यांनी होते. दोनशे पानी वह्या चौदा. त्यांपैकी काही एकरेघी, काही चाररेघी, दोन चौकटीच्या. प्रत्येक वहीला खाकी कव्हर, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर आणि त्यावर शाळेचे छापील लेबल. पुढे चित्रकलेची वही, हस्तकलेची वही, रंगीत कागदांचे पाकीट, चोवीस रंगांचे खडू आणि पुन्हा चोवीस रंगांचे तेलखडू. पेन्सिली दोन डझन, त्याही अमुकच कंपनीच्या. खोडरबर दहा. गोल टोकाची कात्री, गोंदाची बाटली, चकचकीत टिकल्या. काळे बूट वेगळे, पी.टी.चे पांढरे बूट वेगळे. आठवड्यातून एकदा घालावयाचा हाऊसचा टी-शर्ट. त्याखाली हात धुण्याच्या साबणाची बाटली, कागदी रुमालांचे दोन डबे आणि ए-फोर कोऱ्या कागदांचा एक रिम. रिम म्हणजे पाचशे कागद. आठ वर्षांच्या मुलीला पाचशे कोरे कागद कशासाठी लागतात, हे आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले की ते कार्यालयात लागतात. आणि सर्वांत शेवटी, ठळक अक्षरांत, दुकानाचे नाव आणि पत्ता.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. मे संपत आला की आमच्या काउंटरवर सोनेतारण कर्जाची रांग वाढते. अर्जात कर्जाचे कारण विचारलेले असते, तेथे एकामागून एक 'मुलांचे शिक्षण' असे लिहून येते. गेल्या वर्षी आपल्याच वस्तीतील एक भगिनी कानातली फुले घेऊन आल्या. वजन भरले नाही, रक्कम थोडकीच झाली. त्या आम्हांला पाहून संकोचल्या, आणि आम्हीही नजर खाली घातली. त्यांच्या पिशवीतून यादीचा कागद डोकावत होता.

या ठिकाणी रामजी सुभेदारांची आठवण होणे स्वाभाविक आहे. बाबासाहेबांना पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला की रामजीबाबा आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, गहाण टाकीत, आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत करीत. ही गोष्ट चरित्रांत आहे आणि आपण ती जयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो, ऐकून डोळे पुसतो. परंतु रामजीबाबांनी दागिना गहाण टाकला तो पुस्तकासाठी. आपण आज टाकतो तो प्लास्टिकच्या कव्हरासाठी आणि हाऊसच्या टी-शर्टासाठी. त्याग दोघांचा सारखाच, पण त्या त्यागातून मुलाच्या डोक्यात किती पोचते याचा हिशेब आपण कधी मांडतो काय?

बाबासाहेबांच्या स्वतःच्या शाळेची यादीही आपणांस ठाऊक आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ती लिहून ठेवली आहे. वर्गात इतर मुलांबरोबर बसावयाचे नाही, कोपऱ्यात वेगळे बसावयाचे, आणि बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावयाचा. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणावयाचा. इतर कोणाच्याही यादीत नसलेली ही एक वस्तू त्या मुलाच्या यादीत होती.

आम्ही त्या काळाची आणि आजची बरोबरी करीत नाही. तो जातीचा दंडक होता, हा बाजाराचा आहे, आणि दोन्ही एकाच मापाने मोजणे म्हणजे बाबासाहेबांनी जे सोसले त्याची किंमत कमी करणे होय. तरीही एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या जूनमध्ये पाचवीतला एक मुलगा सकाळी सात वाजता गणवेश घालून आपल्या विहाराच्या पायरीवर बसलेला दिसे. पहिले दोन दिवस आम्हांला वाटले, शाळा उशिरा भरत असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाटले, कोणाची वाट पाहत असेल. आम्हांला सकाळची लोकल गाठावयाची घाई, त्यामुळे विचारणे राहून गेले, हा आमचा दोष. नवव्या दिवशी महिला मंडळाच्या एका भगिनीने त्याला जवळ बसवून विचारले तेव्हा तो म्हणाला, "वह्या पुऱ्या झाल्या नाहीत. ज्यांचं सामान अपुरं आहे त्यांना बाई उभं करतात." घरून तो शाळेला म्हणून निघत होता, आणि बारा वाजेपर्यंत पायरीवर बसून परत जात होता. आईला वाटत होते, मुलगा शाळेत जातो.

आणि आता जे सांगावयाचे आहे ते अधिक लागणारे आहे. त्या मुलाच्या घरी चार कोऱ्या वह्या होत्या. त्या आपल्याच संस्थेने दिलेल्या होत्या.

बंधू-भगिनींनो, आपली संस्था इतकी वर्षे जूनमध्ये वह्यावाटपाचा कार्यक्रम करते. त्यामागची भावना कोणीही नाकारणार नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि त्या सभेने १९२५ च्या आरंभी सोलापूरला वसतिगृह काढले, तेथेही मुलांच्या जेवणाबरोबर कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा खर्च सभा करीत असे. वही-पेन देण्याची आपली परंपरा तेथपर्यंत जाते. अलीकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १४ एप्रिलला ठिकठिकाणी हारफुलांऐवजी एक वही, एक पेन आणावे असे आवाहन होते, लोक त्याला प्रतिसाद देतात, आणि ही आपल्या समाजाने घेतलेली फार चांगली सवय आहे.

पण आपण वाटतो काय? शंभर पानी, एकरेघी, लहान आकाराच्या चार वह्या. पहिलीच्या मुलाला चार आणि दहावीच्या मुलीलाही चारच. पहिलीला चौकटीची आणि चाररेघी वही लागते, दहावीला लाँगबुक लागते. आपली वही दोघांच्याही कामाची नाही. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा फोटो, मलपृष्ठावर देणगीदारांची आणि पाहुण्यांची नावे. शाळेने त्यावर खाकी कव्हर घालावयास सांगितलेले. एका माऊलीने आम्हांला सरळ सांगितले, "भाऊ, बाबांच्या तोंडावर कागद चिकटवायला हात धजत नाही. म्हणून वरच्या फळीवर ठेवल्यात, पूजेच्या पुस्तकांजवळ." दिवाळीनंतर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते घरोघर फिरलो तेव्हा अशा कोऱ्या वह्या किती तरी घरांत फळीवर, पोटमाळ्यावर, गादीखाली निघाल्या. दोन-दोन वर्षांपूर्वीच्याही होत्या. त्यांच्यासाठी आम्ही मस्जिद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटवर घाऊक भावासाठी दुकानदारांशी घासाघीस केली होती, गठ्ठे डोक्यावर घेऊन गाडीत चढलो होतो. कार्यक्रमाचा फोटोही छान आला होता. पाहुण्यांच्या हस्ते वही घेताना मुले हसत होती. फक्त त्या वह्यांवर कोणी एक अक्षर लिहिले नव्हते.

तेव्हा शाळेकडे बोट दाखविण्याआधी एक बोट आपल्याकडे वळवावे लागते. देणाऱ्याने घेणाऱ्याला काय हवे ते न विचारता दिले, तर ते दान फळीवर जाऊन बसते.

यावर कार्यकारिणीत चर्चा झाली आणि ती गोड झाली नाही हे येथे नमूद केले पाहिजे. आम्ही सुचविले की यापुढे वहीचे मुखपृष्ठ कोरे असावे. त्यावर एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. ते म्हणाले, "बाबासाहेबांचा फोटो काढायचा म्हणता? शाळेला लाज वाटते म्हणून आपणही लाजायचे?" त्यांच्या रागामागे जे होते ते आम्ही समजू शकतो. ज्यांच्या लहानपणी हा फोटो घरात लावल्यामुळे गावात वाद झाले, त्यांना तो वहीवरून उतरविणे सोपे नाही. दोन बैठका याच मुद्द्यावर गेल्या. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. वही कोरी द्यावी, आणि प्रत्येक मुलाला बाबासाहेबांचे एक चांगले छापील चित्र वेगळे द्यावे, ते त्याने अभ्यासाच्या जागेसमोर भिंतीवर लावावे. देणगीदारांची नावे वहीवर न छापता जमाखर्चासह विहाराच्या फलकावर लावावीत असेही ठरले. याने एक-दोन देणगीदार नाराज झाले आहेत. ते परत येतील अशी आशा आहे.

आता शासनाकडे वळू. कागदावर पाहिले तर आपल्या मुलांसाठी पुष्कळ तरतुदी आहेत. प्रा. यशपाल समितीने १९९३ साली 'ओझ्याविना शिक्षण' या विषयावर अहवाल दिला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वयाच्या मुलाचे शिक्षण ज्या खर्चामुळे अडेल असा खर्च त्याच्यावर पडू नये, असे तो कायदा म्हणतो. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला बालभारतीची पुस्तके मोफत मिळतात. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, हा राज्य शासनाचा निर्णय २१ जुलै २०१५ चा आहे आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तेच प्रमाण आहे. आम्ही मगाशी वाचलेल्या यादीतील मुलीचे दप्तर वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिले. साडेपाच किलो भरले. मुलीचे वजन चोवीस किलो. म्हणजे नियमाने दोन किलो चारशे ग्रॅम हवे होते.

सरकारने एक प्रयोगही केला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांतच वह्यांची कोरी पाने घातली आणि पुस्तकाचे चार भाग केले, म्हणजे वेगळी वही न्यावी लागू नये. कल्पना चांगली होती. परंतु पाने अपुरी पडली, मुले पुस्तकाबरोबर वह्याही नेतच राहिली, ओझे काही कमी झाले नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय रद्द झाला. आमच्या मते चूक येथे झाली की पुस्तक बदलले पण शाळेची यादी बदलली नाही. शाळा वही मागतच राहिली तर पुस्तकात पाने घालून काय उपयोग?

आणि मोठी अडचण अशी की आपल्या वस्तीतील निम्म्याहून अधिक पालकांनी मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळांत घातली आहेत. योग्य केले की अयोग्य, हा वाद आज नको. तेथे मोफत पुस्तके पोचत नाहीत. पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालेल्या मुलांबाबत केंद्राच्या २०१० च्या नियमांत पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश विनामूल्य असे स्पष्ट शब्द आहेत. लेखनसाहित्य हा शब्द लक्षात ठेवा. प्रत्यक्षात त्या पालकांच्या हातीही तीच यादी पडते, आणि प्रवेश जाईल या भीतीने ते तोंड उघडीत नाहीत.

जाता जाता आणखी एक. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, रंगखडू यांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. बिल मागा आणि त्यावर कर लावला आहे का ते पाहा. बिल मागण्यात कमीपणा नाही.

एप्रिल महिन्यात दोन रविवार आम्ही विहारात एक उद्योग केला. मुलांना सांगितले, वर्ष संपले, आता सगळ्या जुन्या वह्या घेऊन या. आणि आम्ही पाने मोजली. नोटा मोजावयाची सवय असल्यामुळे हे काम आम्हांला जड गेले नाही. त्या तिसरीच्या मुलीच्या चौदा वह्यांची मिळून पाने दोन हजार आठशे. त्यांपैकी लिहिलेली निघाली एक हजार एकशे तीस. मूल्यशिक्षणाच्या वहीत अकरा पाने लिहिलेली होती, सामान्यज्ञानाच्या वहीत तेवीस. गणिताची मात्र दोन्ही भरली होती आणि तिसरी आणावी लागली होती. बाकी एक हजार सहाशे सत्तर पाने कोरी. म्हणजे दोनशे पानी आठ वह्या होऊन वर सत्तर पाने उरतात. ही पाने दरवर्षी रद्दीवाला किलोच्या भावाने नेतो, आणि त्याच आठवड्यात आपण नवीन वह्यांसाठी रांगेत उभे राहतो.

आमच्या लहानपणी कोरी पाने फाडून, दाभणाने भोके पाडून, दोऱ्याने शिवून, जुन्या पुठ्ठ्याला खळ लावून घरोघरी वह्या होत. तेव्हा ती गरिबी होती, म्हणून पैसा आल्यावर आपण ती आधी सोडून दिली. साहजिक आहे. पण त्या वह्यांवरही अक्षर तितकेच चांगले येत असे. आमच्या बी.ए.च्या टिपणांपैकी निम्मी तशाच वह्यांवर आहेत.

मोजणीचा कागद खिशात घालून आम्ही तीन शाळांत गेलो. मोर्चा नेला नाही, फलक नेला नाही, संस्थेच्या लेटरहेडवर निवेदन मात्र नेले. पहिली शाळा महानगरपालिकेची. तेथील मुख्याध्यापिका बाईंनी आमची यादी वाचली आणि हसल्या. "आमची यादी फळ्यावर मावते," म्हणाल्या. "आणि एखाद्याने काहीच नाही आणले तरी बसवतो. माझ्या कपाटात जास्तीच्या वह्या असतात." ज्या शाळेला आपण नावे ठेवतो, त्या शाळेकडून हे ऐकून आम्ही थोडे ओशाळलो.

दुसरी शाळा अनुदानित. तेथील एक ज्येष्ठ शिक्षिका आमच्याशी तासभर बोलल्या, आणि आमचे काही गैरसमज त्यांनी दूर केले. वर्गपाठाची आणि गृहपाठाची वही वेगळी का, असे आम्ही जरा तोऱ्यातच विचारले होते. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत. वह्या तपासायला घरी नेल्या की दोन दिवस लागतात. वही एकच असेल तर त्या दोन दिवसांत मुलांनी अभ्यास कशावर करायचा?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पण दोनशे पानांऐवजी शंभर पानांची वही चालेल काय, भरली की दुसरी आणू, असे विचारल्यावर त्यांनी लगेच मान्य केले. त्यांचे म्हणणे असे की दोनशे पानांचा आग्रह शिक्षकांचा कधीच नव्हता, कोणी तरी एका वर्षी टंकलिखित केलेली यादी दरवर्षी फक्त सन बदलून निघते. कार्यालयात काम केलेल्या माणसाला हे पटावयास वेळ लागत नाही.

तिसरी शाळा तीच, चौदा वह्यांची. पहिल्या दोन खेपांस आम्ही बाकावर बसून परत आलो. तिसऱ्या खेपेस प्राचार्य भेटले. सभ्य गृहस्थ होते. यादी संस्थाचालक ठरवितात असे त्यांनी सांगितले. आम्ही पानांचा हिशेब पुढे ठेवला, दप्तराचे वजन सांगितले आणि पायरीवर बसणाऱ्या मुलाची गोष्ट, तो कोणत्या शाळेचा हे न सांगता, सांगितली. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७, ज्यात मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, ते आमच्या खिशात होते, पण बाहेर काढावे लागले नाही. त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या. दुकानाचे नाव यादीतून जाईल, आणि सामान अपुरे असले तरी जुलैअखेरपर्यंत कोणाला उभे केले जाणार नाही. ए-फोरच्या रिमबाबत त्यांनी मौन पाळले. त्याकरिता आम्ही पुन्हा जाणार आहोत.

या फिरण्यातून आमच्या मनात एक कसोटी तयार झाली, आणि ती आपल्या धम्मातलीच आहे. भिक्खूचीही एक यादी असते. तीन चीवरे, पिंडपात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके, अशा आठ वस्तू. या आठांतील प्रत्येक वस्तू कशासाठी हे विचारले तर सांगता येते. गाळण्याचे फडके कशाला, तर पाण्यातील जीव पोटात जाऊन मरू नये म्हणून. सुई कशाला, तर फाटलेले चीवर शिवण्यासाठी, फेकून देण्यासाठी नव्हे. शाळेच्या यादीलाही हेच विचारावे. गृहपाठाच्या वहीचे कारण बाईंनी सांगितले, आम्ही गप्प बसलो. प्लास्टिकच्या कव्हराचे कारण कोणालाच सांगता आले नाही.

तेव्हा शाळांपुढे आपण जे मागणे ठेवीत आहोत ते फार मोठे नाही. यादी निकालाच्या दिवशीच मिळावी, शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, म्हणजे पालकाला महिना-दीड महिना हाती मिळेल. पहिल्या दिवशी काय लागते आणि पुढे कधी काय लागेल, हे वेगळे लिहावे. पहिल्या दिवशी तीन-चार वह्या, पेन्सिल आणि पाण्याची बाटली यांवर शाळा सुरू होऊ शकते, रंग आणि कागद दिवाळीनंतरही चालतात. वहीची रेघ आणि पाने सांगावीत, कंपनी सांगू नये. कात्री आणि गोंद प्रत्येकाने आणण्याऐवजी वर्गाची एक पेटी असावी. अठ्ठावन्न मुलांच्या वर्गात अठ्ठावन्न कात्र्या लागत नाहीत. हे सर्व आपण बाहेरून ओरडून होणार नाही. अनुदानित आणि शासकीय शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. आपल्यापैकी किती जण त्या बैठकांना जातात? हात वर करावयास आम्ही सांगत नाही. आमचाही हात वर गेला नसता.

संस्थेच्या पातळीवर यंदापासून वाटपाचा कार्यक्रम होणार नाही. पाहुणे नाहीत, सत्कार नाहीत, मुलांनी रांगेत उभे राहून फोटो काढून घेणे नाही. त्याऐवजी प्रत्येक मुलाच्या यादीची झेरॉक्स घेऊन, त्याच्या इयत्तेला लागते तीच वही, लागेल तेवढी, पिशवीत घालून घरी पोचती केली जाईल. ज्याला गरज नाही त्याने नको म्हणावे, त्याची पिशवी दुसऱ्याकडे जाईल. महिला मंडळाने एक सूचना केली आहे की ज्यांना जमेल त्यांनी जूनपासून महिना शंभर रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी. बारा महिन्यांनी बाराशे रुपये आणि वर व्याज हातात येते, आणि पुढच्या मे महिन्यात कानातली फुले कानातच राहतात. खाते उघडण्याचे अर्ज आम्ही बरोबर आणले आहेत, कार्यक्रमानंतर ते बाहेरच्या टेबलावर मिळतील. कोणत्याही बँकेत उघडा, आमच्याच बँकेत उघडले पाहिजे असे नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता येथेच वह्या शिवण्याचे काम सुरू होईल. ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या आणाव्यात, फळीवर ठेवलेल्या कोऱ्याही आणाव्यात. त्यांची मुखपृष्ठे आपण सन्मानाने वेगळी काढून ठेवणार आहोत. दाभण, पक्का दोरा आणि खळ संस्था आणील. पुठ्ठे कमी पडतील, तेव्हा घरी साडीचे किंवा बुटाचे खोके असेल तर टाकू नका. पाने फाडताना लिहिलेला भाग फाटू नये म्हणून मोठ्या माणसांनी मुलांजवळ बसावे. पायरीवर बसणारा तो मुलगा आता सहावीत गेला आहे आणि त्याने गेल्या रविवारी एकट्याने सहा वह्या शिवल्या आहेत. त्याची शिवण आमच्यापेक्षा सरळ येते. नवशिक्यांनी त्याच्याजवळ बसावे.

चहा तयार आहे असे खुणावले जात आहे, तेव्हा येथेच थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!